लाईट गेली, तात्या राहिला

‘झपाटलेला’चा शेवट मला तब्बल 19 वर्षं कळला नव्हता, आणि याला कारण लाईट. 1993 साली आलेला हा सिनेमा आमच्या दिंद्रुडला पोचला पुढच्या वर्षीच्या गणपतीत, माजलगावहून भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. घरटी दोन रुपये वर्गणी. टीव्ही देवळासमोर टेबलावर, पुढं लेकरं, मागं बायका, आणि आपण सिनेमा बघायला आलोच नाही असा चेहरा करून पारावर बसलेली म्हातारी मंडळी. लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, पुरता कचाट्यात सापडलेला. त्याच्या अंगात शिरायला तात्या विंचू या बाहुल्यानं मंत्र सुरू केला, आणि गपकन अंधार.

लाईट आली पहाटे. भाडं रात्रीपुरतंच ठरलेलं, त्यामुळं व्हीसीआर पहिल्या एसटीनं माजलगावला परत गेला. म्हणजे महाराष्ट्रात इतरत्र तात्या मेला असेल. दिंद्रुडच्या हद्दीत तो जिवंतच राहिला. परळीच्या एका पाहुण्यानं सांगून पाहिलं की भुवयांच्या मधोमध गोळी बसते आणि बाहुला खलास होतो. पण हा पाहुणा सोयरीक जुळवताना मुलाची दहा एकर जमीन वीस सांगायचा. त्याच्या शब्दावर रात्री अंगणात झोपायला कोण तयार होणार?

आजीनं सकाळी उठून कारवाई केली. परळीच्या शिवरात्रीच्या जत्रेतून बहिणीला एक बाहुली आणली होती. आडवी केली की डोळे मिटायची. आजीनं ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, पत्र्याच्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. बहिणीनं रडून गोंधळ घातला. “हिचे डोळे मिटतेत,” आजी म्हणाली. “मिटतेत म्हंजे उघडतेत बी.” यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

दुसरा भाग आला 2013च्या जूनमध्ये, तोही थ्रीडीत. मी तेव्हा नोकरीला औरंगाबादेत. आधी रात्र जागून सीडीवर पहिल्याचा शेवट पाहिला (पाहुणा खरं बोलला होता, त्याची मनातल्या मनात माफी मागितली) आणि भाच्याला घेऊन थेटर गाठलं. नंबरच्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा बसवण्यात पहिली दहा मिनिटं गेली. एक धरला की दुसरा घसरायचा. मग बाहुला पडद्यातून निघून पार नाकापाशी आला. भाच्यानं माझा हात धरला. मी कुणाचा धरला ते अंधारात कळलं नाही. त्यांनीही सोडवून घेतला नाही.

सगळे पोक्त झाले होते, पण रामदास पाध्यांचा तो बाहुला होता तसाच. एक सुरकुती नाही. इथं मला मराठी माणसाच्या हुशारीचं कौतुक वाटतं. तिकडं हॉलिवुडवाले वर्षानुवर्षांनी दुसरा भाग काढतात आणि हिरोच्या वयापाशी अडतात. 1982च्या ‘ट्रॉन’चा पुढचा भाग 2010 साली आला, तेव्हा जेफ ब्रिजेसचं तरुण तोंड काँप्युटरवर करावं लागलं. 1982च्याच ‘ब्लेड रनर’चा दुसरा भाग 2017मध्ये आला, तेव्हा हॅरिसन फोर्ड 75 वर्षांचा होता. मुख्य पात्रच बाहुला ठेवलं असतं तर हा खर्च वाचला असता. (त्यांच्याकडं 1988च्या ‘चाइल्ड्स प्ले’त तसा बाहुला होता, आणि आपल्या तात्याचं त्याच्याशी नातं आहे, हे मान्य. पाहुण्याच्या जमिनीच्या उलट मी ते जरा कमी करून सांगतो.)

त्या पहिल्या ‘ब्लेड रनर’मधली गोष्ट 2019 सालची. उडत्या गाड्या आणि लॉस एंजेलिसमध्ये सतत पाऊस. प्रत्यक्ष 2019चा उन्हाळा आला तेव्हा आमच्या जिल्ह्यात जनावरं चारा छावणीत होती आणि माणसं टँकरची वाट बघत होती. उडत्या गाड्या नाही मिळाल्या, त्याचं काही नाही. पाऊस तेवढा इकडं पाठवायला हवा होता.

पण मूळ मुद्दा वेगळाच. दुसऱ्या भागात बाहुला हाताच्या अंतरावर आला, लक्ष्या काही आला नाही. लक्ष्मीकांत बेर्डे 2004च्या डिसेंबरमध्येच गेले होते. आदिनाथ कोठारे होते, मकरंद अनासपुरे होते, लोक हसतही होते. मी मात्र चष्मा पुसून पुसून त्या घाबरून बोबडी वळणाऱ्या माणसाची वाट बघत राहिलो.

2024 साली दिग्दर्शक महेश कोठारेंनी ‘झपाटलेला 3’ जाहीर केला आणि त्यात लक्ष्याला एआयच्या मदतीनं पडद्यावर आणणार असं सांगितलं. भाचा आता पुण्यात त्याच धंद्यात आहे, तो म्हणाला, “मामा, अगदी हुबेहूब करता येतं.” येत असेल. पण तात्या विंचूचा सगळा आटापिटा कशासाठी होता? लक्ष्याच्या अंगात शिरण्यासाठीच ना? तेव्हा इन्स्पेक्टर महेश जाधवनं, म्हणजे खुद्द कोठारेंनीच, गोळी घालून ते थांबवलं होतं.

हे घरी बोलून दाखवलं तर बहिणीला तिची बाहुली आठवली. पेटी अजून माळवदाच्या खोलीत आहे. आजीला जाऊन बारा वर्षं झाली आणि किल्ली कुठं ठेवली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. कुलूप साधंच आहे, दगडानं तुटेल. अजून कुणी दगड उचललेला नाही.