नंबर गेला, डोळा तोच

“काय ओ वैनी, काल संध्याकाळी तुमच्या गेटात कोण पोरगी उभारलेली? मला ओळखच लागंना.”

“भाची ओ माझी. सैफुलची.”

“ती जाड भिंगाची? चष्मा काढला की भिंत चाचपायची ती?”

“तीच. दोन्हीकडं बारा नंबर होता. आता डोळ्यात लेन्स बसवून घेतलीय.”

“लेसर केलं म्हणा की.”

“लेसर नव्हं ओ काकू. लेसरनं कॉर्निया छिलून आकार बदलतात. नंबर मोठा म्हटल्यावर छिलायचं पण जास्त, आणि हिचा कॉर्निया मुळातच पातळ. डॉक्टर नको म्हणाले. मग आयसीएल सांगितलं.”

“म्हणजे आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं, तसंच.”

“तसं कसं? सासूबाईंचं गढूळ झालेलं भिंग काढून त्या जागी नवं घातलं. हिचं स्वतःचं भिंग हाय तिथंच हाय. त्याच्या पुढं आणि रंगीत पडद्याच्या मागं ही लेन्स सरकवतात. थेंब टाकून डोळा बधिर करायचा, तीन-एक मिलिमीटरची चीर द्यायची, लेन्स घडी घालून आत सोडायची. आत गेली की उलगडते. टाकासुद्धा नाही.”

“बाई बाई! आपल्या डोळ्यात कुसळ गेलं तर जीव जातोय, आणि हे टिकतंय कसं ओ?”

“भाचीनं त्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्यांनी ते निमूट खपवून घेतले. ते बघून हॅरॉल्ड रिडले नावाच्या डॉक्टरनं १९४९ साली लंडनात मोतीबिंदूच्या पेशंटला प्लॅस्टिकचं भिंग बसवलं. सासूबाईंचं भिंग त्याच घराण्यातलं. हिची लेन्स मऊ. कोलॅमर म्हणतात, त्यात थोडं कोलॅजेन असतंय. अमेरिकेत २००५ साली मंजुरी मिळाली तिला. आताच्या लेन्सला मधोमध बारीक भोक असतंय, डोळ्यातलं पाणी त्यातनं खेळतंय. आधी त्यासाठी रंगीत पडद्यालाच लेसरनं भोक पाडायचे.”

“मग आमच्या नातवाचं करूनच टाकू की. नववीत हाय, सहा नंबर लागलाय.”

“थांबा ओ. नंबर वाढायलाय तोवर कोण हात लावत नाही. एकवीस पूर्ण पाहिजेत, नंबर वर्षभर एका जागी थांबलेला पाहिजे, आणि आत लेन्सपुरती जागा पाहिजे. कॉर्नियाच्या आतल्या पेशीसुद्धा मोजतात.”

“पैसे?”

“लेसरपेक्षा बरेच. भाऊजींनी एफडी मोडली.”

“असू द्या. पोरगी कायमची सुटली.”

“चष्म्यापासनं सुटली. मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतोय, आतला पडदा ताणलेला. लेन्स घातली म्हणून डोळा आखूड होतोय व्हय? पडदा सुटायचा धोका राहतोयच. वर्षाला पडदा तपासायचा. डोळ्यापुढं विजा चमकायला लागल्या, काळे ठिपके एकदम वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शिवाय डोळ्याचा दाब वाढतोय का, मोतीबिंदू धरतोय का, तेही बघत राहायचं. काही झालंच तर लेन्स काढता येते. रात्री विजापूर रोडला गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणत होती. आणि चाळिशीत वाचायचा चष्मा हायच.”

“ते चाळिशीचं सोडा. आता स्थळं बघायलेत ना? सांगायची काय गरज? दिसतंय कुणाला!”

“भाऊजीबी तेच म्हणाले. बायोडेटात ‘चष्मा नाही’ लिहिलेलं, तिनं खोडलं. ‘बारा नंबर होता, लेन्स बसवलीय’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं. म्हणाली, उद्या पोरांना नंबर आला तर माझी लेन्स थोडीच वारशानं जाणार हाय?”

“अगंबाई! मग झालं, बसा आता वाट बघत.”

“वाट कशाची? बार्शीवरनं फोन आला की परवा. मुलाची आई पोरीचं राहू दे, आधी डॉक्टरचाच पत्ता मागायली. त्यांच्या पोराला नऊ नंबर हाय म्हणं.”