नक्षी शाबूत, टायर म्हातारा

ऑक्टोबर सरत आला आणि मिनेसोटा-मिशिगनकडे पहिला बर्फ भुरभुरला की अमेरिकेतले पेन्शनर दक्षिणेकडे निघतात. ‘स्नोबर्ड’ हे त्यांचं तिकडचं नाव. पण पक्षी घरटं मागे ठेवून जातात. ही मंडळी दहा-बारा टनांचं घर सोबत घेऊन निघतात. मोटारहोम नावाच्या त्या घरात ओव्हन असतो, फ्रिज असतो, शॉवर असतो, डबलबेड असतो, आणि घर घेऊन ब्रेड आणायला जाणं बरं दिसत नाही म्हणून मागे एक मोटारही बांधलेली असते. पुष्कळांचा मुक्काम अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला. एरवी दोन-अडीच हजार वस्तीचं हे गाव हिवाळ्यात गाड्यांनी इतकं भरतं, की भर वाळवंटात शेजाऱ्याच्या घोरण्याची तक्रार करता येते. निघण्यापूर्वीची तयारी कसून चालते. पडदे धुतले जातात, सहा महिन्यांच्या गोळ्या मोजून डब्यांत भरल्या जातात, कुत्र्याच्या लसींचे कागद फायलीत लागतात. टायरची पाळी सगळ्यात शेवटी. आजोबा खाली उतरतात, गाडीला एक प्रदक्षिणा घालतात, प्रत्येक चाकाला बुटाची एक लाथ घालतात आणि समाधानाने वर चढतात. टायरने तक्रार केलेली नसते.

लाथेपेक्षा शास्त्रशुद्ध अशा आणखी दोन परीक्षा तिकडे प्रचलित आहेत. पहिली दांडक्याची. ट्रकवाल्यांकडून शिकलेला माणूस लाकडी सोट्याने टायर ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. बसलेला टायर या आवाजावरून कळतो, यात वाद नाही. पण शंभर पौंड हवा आणि ऐंशी पौंड हवा यांतला फरक ओळखायला लागणारा कान देवाने माणसाला दिलेला नाही. दुसरी परीक्षा एका सेंटच्या नाण्याची. नाणं उलटं धरून टायरच्या खाचेत घालायचं. लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं तर नक्षी एका इंचाच्या बत्तिसाव्या भागाच्या दुप्पट, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरवर आली, टायर बदला. डोकं बुडालं तर चालू द्या. लिंकन सत्यवादी म्हणून प्रसिद्ध होते आणि इथेही ते खोटं बोलत नाहीत. चूक विचारणाऱ्याची आहे. खोली किती, एवढंच त्यांना विचारलं जातं. टायर किती सालचा, हे कोणी विचारतच नाही.

रोज ऑफिसला जाणाऱ्या मोटारीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण वय होण्याआधीच तिचे टायर गुळगुळीत होतात. मोटारहोमचं गणित उलटं. ते वर्षातून दोनदा लांबचा प्रवास करतं आणि उरलेले महिने उभं राहतं. दहा-बारा वर्षांनंतरही खाचांत लिंकन कपाळापर्यंत बुडतात आणि मालक शेजाऱ्याला अभिमानाने सांगतो, ‘पाहा, नवेकोरे आहेत.’ म्हणून या गाडीपुरता नियम असा मानावा लागतो, की नक्षी पाहून टायर पसंत करू नये. त्याची पत्रिका पाहावी. ती टायरच्या बाजूवर छापलेली असते. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा. त्याला नमस्कार करावा, पण त्यावर बसू नये. अडचण इतकीच, की पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी नियमाला पुरतो, आणि ती बाजू बऱ्याचदा आतल्या अंगाला निघते. त्यातून मागची चाकं जोडीची. तेव्हा सत्तरीतल्या माणसाने बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटत जायचं आणि बाहेर आल्यावर बायकोला आकडा सांगायचा, असा तो कार्यक्रम असतो. आकडा वाईट निघाला तर पुष्कळजण चष्मा विसरल्याचं सांगतात.

रबर उभ्या-उभ्या म्हातारं का होतं, हेही समजून घ्यायला हवं. हवेतला ओझोन आणि ऊन रबराला बाहेरून तडे पाडतात. ते थोपवायला कारखान्यात रबरात मेणासारखी आणि इतर संरक्षक द्रव्यं मिसळलेली असतात. पण टायर फिरताना दबतो, ताणला जातो, तेव्हाच ती नीट पृष्ठभागावर येत राहतात. म्हणजे गाडी चालवली नाही म्हणून टायर जपला गेला, हा समज पार उलटा आहे. बाहेरचे तडे निदान दिसतात तरी. आतली गोष्ट अधिक बेरकी. टायरमधली दाबाखालची हवा हळूहळू रबरातून बाहेर झिरपते आणि जाता जाता तिच्यातला ऑक्सिजन पोलादी तारांच्या पट्ट्यांमधलं रबर कडक, ठिसूळ करतो. उष्णतेने हे काम वेगात होतं. एक दिवस भर वेगात पट्टे एकमेकांपासून सुटतात आणि टायरची वरची साल सोलून निघते. आदल्या दिवशी त्याच टायरला काळं चकचकीत पॉलिश लावलेलं असू शकतं.

हे भय कारखानदारांनी पसरवलेलं नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या त्या टायरांचे पट्टे सुटत होते आणि तक्रारी मुख्यतः उष्ण राज्यांतून येत होत्या. तिथे रचना, कमी हवा आणि उष्णता यांचं त्रांगडं होतं, नुसतं वय नव्हतं, हे मान्य. पण त्यानंतर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने फिनिक्सच्या भाजणाऱ्या हवेत वापरलेले टायर गोळा करून तपासले, तेव्हा वयानुसार रबर कमजोर होत जातं, आणि स्टेपनीतला न फिरलेला टायरही त्यातून सुटत नाही, असं दिसलं. ब्रिटनमध्ये तर २०१२ साली एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तीन जण गेले. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता आणि तेव्हाच्या कायद्यात वयाला मर्यादाच नव्हती. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर चालत नाही.

आता आक्षेप. पहिला: ‘कंपन्यांना टायर खपवायचे असतात.’ असतातच. पण मग त्यांनी तीन वर्षं सांगितली असती. मिशेलिनसारखी कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहाव्या वर्षी, दिसायला कसाही असो, निवृत्ती असं सांगते. उलट सहाव्या वर्षीच बदला म्हणणाऱ्यांत काही मोटार कंपन्या आहेत. दुसरा आक्षेप: ‘माझे चौदा वर्षांचे टायर अजून फुटले नाहीत.’ हे खरं आणि निरुपयोगी. टायर एकदाच फुटतो. त्याआधीचे सगळे दिवस तो न फुटलेलाच असतो. तिसरा आक्षेप वजनदार आहे: नुसत्या वयावर निकाल कसा द्यायचा? थंड शेडमध्ये झाकून ठेवलेला टायर आणि अ‍ॅरिझोनाच्या उन्हात भाजलेला टायर सारखे कसे? सारखे नाहीतच. म्हणून तर पाच ते दहा या वर्षांत चाक उतरवून, आतूनही पाहून निर्णय घ्यायचा. पण दहाच्या पुढे आत काय घडलंय हे कोणाचाच डोळा खात्रीने सांगू शकत नाही. तेव्हा सौम्य हवेचा फायदा संशयिताला देता येत नाही. चौथा आक्षेप खर्चाचा. सहा-आठ मोठे टायर म्हणजे हजारो डॉलर. खरं आहे, पण पुढचा टायर फुटून बारा टनांचं घर ओव्हनसकट खड्ड्यात गेलं, की हिशेब फार लवकर बदलतो.

वयाच्या जोडीला वजनही येतं, आणि इथे क्वार्ट्झसाइट स्वतः हातभार लावतं. हे गाव रत्नं, खनिजं आणि चित्रविचित्र दगडांच्या बाजारांसाठी नावाजलेलं आहे. आधीच डबाबंद सूप, हत्यारांची पेटी आणि पाण्याच्या टाकीने वाकलेल्या गाडीत माणूस वाळवंटातून दगड विकत घेऊन भरतो आणि मागे टायरला दोष देतो. जोडीच्या चाकांतला एक बसला तर त्याचा भार शेजारचा मुकाट्याने उचलतो, चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून गाडी भरून झाल्यावर ट्रक-थांब्यावरच्या काट्यावर प्रत्येक आसाचं वजन करावं, कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा ते पाहावं आणि टायर थंड असताना तेवढी भरावी. अमेरिकेत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा हलक्या गाड्यांना सक्तीची आहे. दहा हजार पौंडांवरची अवजड मोटारहोम त्या सक्तीतून सुटतात. तिथे ती पदरमोड करून बसवणं हाच शहाणपणा.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारात येणार. खरं तर आलेलाच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेली, गणपतीत आणि मे महिन्यात कोकणात जाण्यापुरती निघणारी मोटार या बाबतीत मोटारहोमचीच बहीण आहे, आणि तिच्याही टायरवर ते चार आकडे आहेत. गाडी सहलीला काढण्याआधी ते वाचा, स्टेपनीचेही वाचा. पाच वर्षं उलटली असतील तर टायर दुकानात नेऊन उतरवून दाखवा. दहा उलटली असतील तर कोणाला दाखवू नका. नक्षी कितीही शाबूत असो, बदलून टाका.