निमित्त नातवाचं

आप्पांना सोंग घ्यायला आवडतं, हे आप्पा सोडून अख्ख्या एकलहऱ्याला माहीत आहे. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना सोंग 'घ्यावं लागतं'. कधी मंडळाची पोरं ऐकत नाहीत म्हणून, कधी ऐन वेळी नारदाला ताप भरतो म्हणून, आणि नातू झाल्यापासून तर काय, सगळं नातवासाठीच.

असे आप्पा एकलहऱ्यातच निपजतात असं नाही. प्रत्येक कॉलनीत, प्रत्येक सोसायटीत एक नग असतोच. बालवाडीच्या फॅन्सी ड्रेसला पोराचा ससा केला की 'गोष्ट पुरी नको का व्हायला?' म्हणत स्वतः पाठीला टोपलं बांधून कासव होणारा. गॅदरिंगला 'मुलांवर लक्ष ठेवायला कुणी मोठं हवं' म्हणून विंगेत जाणारा आणि तिथून मिशी लावूनच बाहेर येणारा. 'मला हौस आहे' हे तीन शब्द मात्र त्याच्या तोंडून कधी निघायचे नाहीत. त्याच्या पिढीत हौस बायकांना आणि पोरांना असायची. पुरुषाला असायची ती जबाबदारी. त्यामुळे हा गृहस्थ आयुष्यभर जबाबदारी म्हणून राक्षस होतो.

आमच्या आप्पांची सगळी नोकरी नाशिकजवळच्या इथल्याच औष्णिक विद्युत केंद्रात झाली. बिटको चौकातून सामनगावच्या अंगाला निघालं की ज्या चिमण्या दिसायला लागतात, त्यांच्या पायथ्याशी. 1979 ते 1981 या काळात इथे 210 मेगावॉटचे तीन संच उभे राहिले, त्यातल्या शेवटच्या संचाबरोबर आप्पा रुजू झाले आणि त्याच्याइतकीच उष्णता बाहेर टाकत निवृत्त झाले. 2005 साली वीज मंडळाचे तुकडे पडले, महानिर्मिती झाली, लेटरहेड बदललं. आप्पा अजून 'मी बोर्डात होतो' असंच सांगतात.

कॉलनी म्हणजे अख्खा महाराष्ट्र. एका जिन्यात खानदेश, समोर विदर्भ, वर कोकण. त्यामुळे सण दुप्पट आणि नटायच्या संधी चौपट. कोकणातल्या शेजाऱ्यांनी एकदा शिमग्याला पोस्त मागायची रीत सांगितली. सोंगं घेऊन दारोदार फिरायचं, नाचायचं आणि यजमानाकडून पैसे उकळायचे. आप्पांनी ती त्याच संध्याकाळी कॉलनीत लागू केली. जमलेल्या पैशांचं काय केलं, याचा हिशेब त्यांनी नोटीस बोर्डावर लावला होता. भजी, भजी, चहा, भजी.

बोर्डाच्या नाट्यस्पर्धेच्या वेळची एक हकिगत तर आता दंतकथा झाली आहे. रंगीत तालीम लांबली आणि आप्पांना तिसरी पाळी होती. अफझलखानाची दाढी स्पिरिट गमने अशी काही चिकटली होती की ओढली तर कातडं हातात यावं. जिरेटोप वगैरे काही नाही, खानाला नसतोच. पण दाढी, भुवया आणि डोळ्यांत दोन बोटं काजळ, वर खाकी गणवेश. अशा थाटात आप्पा पॅनेलसमोर बसले. पहाटे साहेब राऊंडला आले. आप्पा उठून उभे राहिले. साहेबांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "खानसाहेब, ड्रम लेव्हल?"

"नॉर्मल, साहेब."

साहेब पुढे गेले. आप्पा ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी म्हणतात, "मी काय हौसेने बसलो होतो? दाढी निघेना त्याला काय करणार!" दाढी न निघाल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

पण आप्पांचा खरा दिवस धुळवडीचा. बाहेरच्यांना गंमत वाटते, पण नाशकात त्या दिवशी रंगाचं कौतुक नसतं. रंग रंगपंचमीचा, पेशवाईपासूनच्या रहाडींमध्ये, म्हणजे रंगाच्या हौदांमध्ये, उड्या मारायचा. धुळवड असते ती वीरांची. देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक लाल वस्त्रात घ्यायचे, हलगीच्या तालावर नाचवत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, न्यायचे, रामकुंडावर स्नान घालायचं आणि परत आणायचे. बरोबर घरातली पोरं राम, कृष्ण, खंडोबा, शिवाजी महाराज अशी नटलेली. जुन्या नाशकातून दाजीबा वीर निघतो, डोक्याला बाशिंग बांधून, म्हणून त्याला बाशिंगे वीरही म्हणतात. बायका ओवाळतात, नवस बोलतात, लग्न न जमलेल्यांचे आईबाप जरा जास्तच वाकून नमस्कार करतात. वर्षभर देव्हाऱ्याच्या मागच्या रांगेत, घंटेच्या आडोशाला उभे असलेले पणजोबा त्या एका दुपारी मोकळ्या हवेत फिरून येतात.

आप्पांचा मुलगा लहान होता तेव्हा दर साली वीर व्हायचा. "पोराला एवढ्या गर्दीत एकटं कसं सोडायचं?" म्हणून सोबत आप्पा. सोबत जायला चपला पुरे झाल्या असत्या. आप्पा ड्रेपरीवाल्याकडून अंगरखा, शेला, कमरेला तलवार, मंदिल अशा तयारीनिशी निघायचे. मुलगा बारा वर्षांचा झाला आणि मित्र हसतात म्हणून नटायला नाही म्हणाला. आप्पांनी त्याला समजावलं, रागावले, आणि शेवटी पुतण्या उसना आणला. पुतण्या मोठा झाल्यावर भाचा. पुढे काही वर्षं नात्यात लहान मूलच नव्हतं. त्या काळात आप्पांचा रक्तदाब वाढला होता, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सांगतात.

याच टंचाईच्या दिवसांत ते एकदा पेठेकडे बोहाडा पाहायला गेले होते. पेठ, सुरगाणा, मोखाडा या पट्ट्यात चांगली बाप्या माणसं देवादैत्यांचे मोठाले मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर रात्रभर नाचतात. तिथे कुणी विचारत नाही, तुमच्याबरोबर लहान कोण आहे. देवाचं काम आहे, बस. आप्पा परत आले ते गप्प गप्पच होते. मग म्हणाले, "आपण चुकीच्या तालुक्यात जन्मलो."

संक्रांतीला पोरं डबे घेऊन तिळगुळासाठी दारोदार जातात, त्यात आप्पांचाही डबा असायचा. पोरांचा वाटीएवढा, आप्पांचा कडीचा, पाळीला न्यायचा. "नातू पुण्याला आहे, त्याला पाठवायचाय." नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता, दात यायचे होते.

हा नातू पुढे आईबापांबरोबर अमेरिकेला गेला. फ्लोरिडात, टँपाला. तिथून ऑर्लँडो मोटारीने दीड तासाच्या आत. म्हणजे आप्पांच्या घराण्याचा आणि डिस्नेचा योग पत्रिकेतच होता म्हणायचा.

निवृत्तीनंतर आप्पा आणि काकू तिकडे गेले ते सप्टेंबरात. मुलाने सांगितलं, इथे डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये हॅलोवीनची पार्टी असते. 1995 सालापासून चालू आहे. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ठरावीक रात्री, वेगळं तिकीट, माणशी शंभर डॉलरच्या वर. काकूंनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि पाणी प्यायल्या. सोंगं घेऊन जायचं, ठिकठिकाणी रांगा असतात, तिथे पिशवी पुढे करायची की चॉकलेटं मिळतात.

"कुणाला? पोरांना?"

"सगळ्यांना."

"म्हणजे पोरांबरोबरच्या मोठ्यांना."

"नाही आप्पा. सगळ्यांना."

आप्पांना हे पटलं नाही. यात काहीतरी मेख असणार. सूनबाईंनी मग मोबाइलवर नियम वाचून दाखवले. एरवी या बागेत चौदा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्यांना सोंग घ्यायला मनाईच आहे. खरे मिकी आणि खोटे मिकी यांची सरमिसळ नको म्हणून. पार्टीच्या रात्री तेवढी मोकळीक. त्यालाही अटी आहेत. कपडा जमिनीला लोळता कामा नये. खांद्यावरची झूल कमरेच्या खाली उतरता कामा नये. खोटी तलवार चालेल, खऱ्यासारखी दिसणारी नको. मोठ्यांना मुखवटा अजिबात नाही, चेहरा दिसलाच पाहिजे. आणि आपणच ते पात्र आहोत असं भासवून इतरांना सह्या द्यायच्या नाहीत. शेवटच्या अटीवर आप्पा किंचित खट्टू झाले.

"पण बाबा, तुम्ही नटणार आहात का?" सूनबाईंनी विचारलं.

"मी? छे! पण नातवाला सोबत नको का?"

नातवाचं वय अकरा. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की तो हुडी घालून येणार, आणि आजोबा काही घालणार असतील तर तो वीस फूट लांबून चालणार. वंशपरंपरा म्हणतात ती हीच.

आप्पांनी ठरवलं, वासुदेव व्हायचं. मुखवटा नाही, झगा घोट्याच्या वर, आणि दारोदार दान मागायचा अधिकार पिढीजात. नियमाच्या चौकटीत इतकं चपखल बसणारं सोंग जगात दुसरं नसेल. फक्त टोपीला मोरपिसं हवीत, आणि आपल्याकडून मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी. आप्पांनी तीन रात्री बसून कार्डशीटची पिसं कापली, त्यांवर निळा-हिरवा रंग दिला, मध्ये चॉकलेटच्या चांदीचे डोळे चिकटवले. सुनेच्या डायनिंग टेबलाला तो हिरवा रंग अजून आहे. चिपळ्या काकूंच्या भजनाच्या, त्या मात्र बॅगेतून आल्या होत्या. दारावरच्या तपासणीत रखवालदाराने त्या उलटसुलट करून पाहिल्या, एकदा वाजवल्या, मग दुसऱ्या रखवालदाराला बोलावलं आणि त्यानेही वाजवल्या.

आत गेल्यावर मात्र आप्पांचं अवसान डळमळलं. कारण पुढे जे दिसलं त्याची तयारी त्यांच्या मनाने केली नव्हती. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कुठल्याशा कंपनीत हिशेब बघत असेल असा एक माणूस मधमाशी झाला होता. पंख पारदर्शक, नियमाप्रमाणे. त्याच्यामागे सत्तरीचं जोडपं, आजी मिठाची बाटली, आजोबा मिरपुडीची. दोघं हातात हात घालून पिशव्या पुढे करत होती. आप्पा थबकले.

"अरे, यांची नातवंडं कुठे चुकली?"

"नाहीयेत बरोबर."

"मग हे कशाला आलेत?"

"सहज. मजा म्हणून."

आप्पांनी त्या मिरपुडीकडे पुन्हा एकदा पाहिलं. आयुष्यभर परमिटवर दारू पिणाऱ्या माणसाला उघड्यावर बसून पिणारे दिसावेत, तशी त्यांची नजर झाली होती. थोडा धक्का, थोडा तिरस्कार, आणि बराचसा हेवा.

मग रांग. पहिल्या टोपलीपाशी एका हसऱ्या मुलीने ओंजळभर चॉकलेटं आप्पांच्या पिशवीत ओतली. आप्पांनी चिपळी वाजवली, गिरकी घेतली आणि खणखणीत आवाजात "दान पावलं!" म्हटलं. मुलगी एवढी खूश झाली की तिने आणखी एक ओंजळ ओतली. तिथून पुढे आप्पांना आवरणं कठीण गेलं. एकाच रांगेत कितीदाही उभं राहता येतं, हे कळल्यावर तर ते दुसऱ्या पाळीतून थेट तिसरीत गेले. गोड खायला त्यांना डॉक्टरांची मनाई आहे. पण मागायला मनाई नाही, आणि मुळात आप्पांना खाण्यात कधी रस नव्हताच.

एक घोटाळा मात्र झाला. काकू आपली नेहमीची हिरवी नऊवारी नेसून, नथ घालून, खांद्याला पर्स अडकवून मागून येत होत्या. जो तो येऊन त्यांना म्हणे, काय सुंदर कॉस्च्यूम! दोन बायकांनी पदराला हात लावून पाहिला. एका लहान मुलीने तर आईला विचारलं की ही कुठल्या सिनेमातली राणी. आप्पांच्या कार्डशीटच्या मोराकडे कुणी बघेना. काकूंनी आयुष्यात सोंग म्हणून काही घेतलेलं नाही. त्या रात्री त्यांना सर्वांत जास्त चॉकलेटं मिळाली. "मी काही मागितलं नाही हो," त्या सारखं म्हणत होत्या, आणि दुसरी पिशवी उघडत होत्या.

मिरवणुकीआधी दिवे मंदावले आणि एक शिरच्छेद झालेला स्वार हातात भोपळा घेऊन घोडा दौडवत गेला. अमेरिकेतली जुनी भुताची गोष्ट आहे ती. लोक गप्प झाले. आप्पा ओरडले, "अरे, हा तर मुरारबाजी!" आणि तिथेच, कडेच्या फरसबंदीवर बसून, त्यांनी नातवाला पुरंदरचा वेढा सांगितला. 1665 साल, दिलेरखान, मुंडकं पडल्यावरही धड लढत राहिल्याची आख्यायिका, सगळं हातवाऱ्यांसकट. वीस फुटांवरचा नातू सरकत सरकत दोन फुटांवर आला. पलीकडची मधमाशीही थांबून ऐकत होती, तिला मराठी येत नसताना. गोष्ट संपल्यावर पोराने विचारलं, "हे टोपी थोडा वेळ मला मिळेल?" आप्पांनी टोपी दिली. दोन मिनिटांनी, पोराच्या डोक्याला ती सैल होते या सबबीवर, परत घेतली.

डिसेंबरात आप्पा परत आले. चॉकलेटं बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये, बुटांमध्ये, काकूंच्या औषधांच्या डब्यात. पहिल्याच रविवारी ते कॉलनीत वाटायला निघाले. गेटवरच्या वॉचमनपासून सुरुवात. पुढे कँटीनशी जुने सोबती भेटले, त्यांतल्या एकाने मूठ पुढे केली आणि आपल्याकडे गोड हातावर पडलं की जो प्रश्न विचारायचाच असतो तो विचारला, "कशाबद्दल, आप्पा?"

आप्पा क्षणभर अडखळले. सांगता आलं असतं, अमेरिकेत सोंग घेऊन मागून आणलीत, मजा आली.

"नातू पहिला आला वर्गात," आप्पा म्हणाले.

"अहो, तिकडे नंबर काढत नाहीत," मागून काकू म्हणाल्या.