आमच्या घराण्याचं आरमार

शिरोळ तालुक्यातून कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या वाहतात. समुद्राशी मात्र आमचा संबंध बाजारातल्या सुक्या बोंबलापुरता. त्यामुळे माळ्यावरच्या ट्रंकेतून एक पितळी, तिकोनी, आरसे आणि छोटी दुर्बीण बसवलेलं यंत्र निघालं, तेव्हा अख्खी भावकी ते बघायला लोटली.

साखर कारखान्यात लॅबला असलेल्या दाजींनी ते डोळ्याला लावलं आणि रसातली साखर मोजायचं जुनं यंत्र म्हणून जाहीर केलं. आत्याला ते सोनाराचं वाटलं. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ खिशात तांदूळ घेऊन हजर! वीज पडलेलं जुनं तांबं तांदूळ ओढून घेतं आणि परदेशात त्याला कोट्यवधी रुपये मिळतात, ही थाप आपल्याकडे बरीच वर्षं चालते. त्यांनी यंत्राभोवती दाणे मांडले. दाणे हलले नाहीत. "शक्ती झोपलीय, तपासणीची फी भरली की जागी हुईल," असं ते म्हणाले. थोरल्या काकींनी दाणे गोळा करून कोंबड्यांना घातले आणि पाहुण्यांना चहाही विचारला नाही.

शेवटी मर्चंट नेव्हीत असलेला आत्याचा नातू सुट्टीवर आला आणि बघताक्षणी म्हणाला, "सेक्स्टंट आहे." सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती अंशांवर आहे ते मोजायचं आणि त्यावरून जहाज कुठं आहे ते काढायचं, हे याचं काम. कमान साठ अंशांची, पण दोन आरशांमुळं कोन दुप्पट, म्हणजे १२० अंशांपर्यंत मोजता येतो. कमानीवर इंग्रजीत कोरलं होतं : केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७.

झालं! थोरल्या काकांच्या अंगात आरमार संचारलं. आपला मूळपुरुष कान्होजी आंग्र्यांच्या गलबतावर होता, असं त्यांनी पारावर सांगून टाकलं. कान्होजी वारले १७२९ साली, आणि सेक्स्टंटचा पूर्वज, जॉन हॅडलेचा ऑक्टंट, लोकांपुढं आला १७३१ साली, असं मी हळूच सुचवलं. काका जरा विचारात पडले आणि एका दमात दोनशे वर्षं पुढं आले : मग पणजोबा पहिल्या महायुद्धात बोटीनं बसऱ्याला गेले असणार. पणजोबा उभ्या आयुष्यात नरसोबाच्या वाडीच्या नावेतसुद्धा डोळे मिटून बसायचे, ही आजीची आठवण त्यांनी कामकाजातून वगळली.

नातवानं यंत्राची परीक्षा घ्यायचं ठरवलं. अडचण क्षितिजाची. आमच्याकडे जिकडं बघावं तिकडं ऊस. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चारी बाजूंनी पाण्याचं चोख क्षितिज होतं, पण तेव्हा सूर्य ढगात आणि माणसं गुळाच्या काहिलीत बसून जनावरं शोधत होती. क्षितिज नसलं तर परातीत पारा, तेल किंवा दाट पाक ओतून त्यात सूर्याचं प्रतिबिंब पाडतात. खरा सूर्य आणि प्रतिबिंब यांमधला कोन मोजून निम्मा केला की उंची मिळते. दाट पाक म्हटल्यावर शिरोळमध्ये काय कमी? गुऱ्हाळातून काकवी आली. दिवस २२ डिसेंबर, वेळ दुपारी साडेबाराची, सूर्य माथ्यावर येण्याची. (हेच मार्चअखेर केलं असतं तर दुप्पट कोन १४६ अंशांच्या पुढं, म्हणजे यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला असता. गळीत हंगाम आणि खगोलशास्त्र यांचं इतकं जमलेलं मी दुसरीकडं पाहिलं नाही.) यंत्राच्या रंगीत काचा नुसत्या शोभेच्या निघाल्या, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगच्या काचा आणल्या.

शिरोळचा अक्षांश पावणेसतरा. कोन शंभराच्या आसपास यायला हवा होता. आला त्र्याण्णव. हिशेब केला तर आम्ही वीस अंशांवर, म्हणजे नाशिकच्या रांगेत. गच्ची पंचगंगेची, आकडा गोदावरीचा. तोवर काकवीला मुंगळे लागले होते.

"चालायचंच, शंभर वर्षांचं यंत्र हाय," काका म्हणाले. त्यावर नातवानं मोबाईल काढला. ग्लासगोची केल्विनची कंपनी आणि लंडनची हेन्री ह्यूजेसची कंपनी एकत्र येऊन केल्विन अँड ह्यूजेस हे नाव झालं १९४७ साली. हे नाव आणि १९१७ साल कोरलेले पितळी सेक्स्टंट शोभेची वस्तू म्हणून जगभर विकले जातात. अशा वस्तू घडवण्याचा मोठा धंदा उत्तराखंडातल्या रुडकीत चालतो.

"म्हंजे आपला पणजा कंपनीच्या तीस वर्षं फुडं हुता म्हण की!" काका.

तेवढ्यात मधल्या काकी शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "ते व्हय? ह्यांनी मुंबईच्या चोर बाजारातनं आणलेलं शोकेसमधी ठेवाय. मला कुणी इचारलंच न्हाई." मग ज्या पेपरात यंत्र गुंडाळलं होतं तो उलगडून बघितला. पहिल्या पानावर श्रीलंकेनं विश्वचषक जिंकल्याची बातमी होती : मार्च १९९६.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर असलं काही निघालं तर कोरलेलं नाव आणि साल ताडून बघा, त्यातून सूर्याकडं अजिबात बघू नका, आणि कुणालाही फी द्यायच्या आधी घरातल्या काकींना विचारा.