उभ्या गाडीचं पासिंग

जर्मनीत घर फार दिवस एका जागी उभं राहिलं की कायद्याच्या पोटात गोळा येतो. विटा-सिमेंटचं घर नव्हे. मोटारीच्या मागे हुकाला अडकवून न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅराव्हॅन. मोटार सोडवून ती एकटीच रस्त्याकडेला लावली, तर दोन आठवड्यांची मुभा आहे. त्यानंतर ती तिथे दिसता कामा नये, असं तिथल्या रस्ते वाहतूक नियमांचं बारावं कलम सांगतं. त्यामुळे जिथे खास जागा नाही तिथले मालक कुठेही जायचं नसताना, दर पंधरवड्याला जाकीट चढवून घर फिरवायला निघतात. आपल्याकडे संध्याकाळी कुत्रं फिरवतात, तसं.

हे प्रकरण सुरू केलं एका चाबूकवाल्याने. आल्गॉय भागातल्या इस्नी गावच्या आरिस्ट डेथलेफ्सच्या घराण्याचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा. विक्रीसाठी गावोगाव हिंडताना बायकोला मागे ठेवणं जिवावर यायचं, म्हणून १९३१ मध्ये त्याने मोटारीमागे ओढायची एक खोलीच बांधली. जर्मनीतली ती पहिली कॅराव्हॅन. शहाजहानने प्रेमापोटी जे बांधलं त्याला पासिंग लागत नाही. डेथलेफ्सने जे बांधलं त्याला दर दोन वर्षांनी लागतं.

या घराला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, धूर तर नाहीच. तरी त्याला स्वतःचा नंबर आहे, स्वतःचा विमा आहे आणि वजनावर कर आहे: दर २०० किलोमागे वर्षाला ७ युरो ४६ सेंट. पासिंग झालं की नंबरप्लेटवर एक गोल स्टिकर चिकटवतात. त्याचे रंग सहा. २०२६ साली मुदत संपणाऱ्यांचा निळा, २०२७ वाल्यांचा पिवळा, आणि सहा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. ज्या महिन्यात मुदत संपते तो आकडा स्टिकरच्या वरच्या टोकाला येतो. पोलिसाला गाडी थांबवावी लागत नाही, चालता चालता कळतं. गाडी मुळात थांबलेलीच असल्यामुळे तर फारच लवकर कळतं.

आत गॅसची शेगडी असेल तर तिची वेगळी तपासणी, तीही दर दोन वर्षांनी. पूर्वी ती मुख्य पासिंगला जोडलेली होती, मग काही वर्षं थंड्या बस्त्यात गेली, आणि १९ जून २०२५ पासून पुन्हा सक्तीची झाली. रबरी नळी आणि रेग्युलेटर दहा वर्षांनी बदलायचे. मग वेग. कॅराव्हॅन ओढताना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा. १०० हवी असेल तर आणखी एक स्टिकर, आणि त्यासाठी टायर सहा वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. तरी अंगणात जागच्या जागी म्हातारी होत चाललेली कॅराव्हॅनसुद्धा पाठीवर शंभराचा आकडा मिरवत असते.

ज्यांना वर्षभराचा कर नको, त्यांच्यासाठी हंगामी नंबरप्लेट आहे. मार्च ते ऑक्टोबर असे महिने पाटीवरच छापलेले. तेवढ्याच महिन्यांचा कर, तेवढ्याच महिन्यांचा विमा. बाकीच्या महिन्यांत ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची तर नाहीच, लावायचीही नाही. आपल्याकडे ही योजना नुसत्या परंपरेने चालत आलेली आहे. निवडणुकीचे दोन महिने सोडले तर कित्येक लोकप्रतिनिधी सार्वजनिक ठिकाणी उभे दिसत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना कुणी पाटी लावायला सांगितलेलं नाही.

पण खरी कमाल कॅम्पिंगच्या मैदानावर आहे. तिथे वर्षानुवर्षं जागा भाड्याने घेऊन राहणारी मंडळी असतात. ते कॅराव्हॅनला पडवी काढतात, कुंपण घालतात, टोमॅटो लावतात आणि दारात मातीचा दाढीवाला बुटका उभा करतात. चाकांभोवती गवत वाढतं. अशा घराला कायदा विचारतो, तू कॅराव्हॅन की इमारत? इमारत असशील तर बांधकाम परवाना दाखव. कॅराव्हॅन असशील तर, बऱ्याच राज्यांच्या कॅम्पिंग नियमांप्रमाणे, तू कोणत्याही क्षणी हलवता येण्याजोगी पाहिजेस. हलायला कुणी सांगत नाही. हलता आलं पाहिजे. जिला इथेच मुक्काम ठोकायचा आहे, तिने आपण कधीही निघू शकतो हे सिद्ध करत राहायचं. २०२२ च्या जून महिन्यात गुवाहाटीच्या हॉटेलात उतरलेल्या महाराष्ट्रातल्या आमदारांना हे कलम समजावून सांगावं लागलं नसतं.

ब्रिटिशांनी तर यात आणखी प्रगती केली. तिथे फिरत्या कॅराव्हॅनला ना नोंदणी ना वार्षिक तपासणी. ओढणाऱ्या मोटारीचा नंबर तिच्या पाठीवर लावला की झालं. पण जागेवर ठेवलेल्या कॅराव्हॅनची व्याख्या करणारे १९६० आणि १९६८ चे कायदे आहेत. त्यांच्या आधारे २० मीटर लांब आणि ६ मीटर ८० सेंटीमीटर रुंद, दोन तुकड्यांत आणून जोडलेलं घरही कॅराव्हॅन ठरू शकतं. अट तीच, हलवता आलं पाहिजे. मुंबईत एवढ्या जागेत दोन कुटुंबं, एक क्लास आणि सोसायटीचं ऑफिस मावतं. फ्लोरिडात उलटा प्रवास. स्वतःच्या जमिनीवर कायमचं खिळवलेलं असं घर स्थावर मालमत्ता म्हणून नोंदवता येतं. मग दरवर्षीचं स्टिकर जाऊन ‘आरपी’ अक्षरांचं एकदाचं स्टिकर लागतं. काल जंगम होतं ते आज स्थावर झालं, आणि मध्ये फक्त डिंक लागला.

एवढं वाचून मराठी वाचक आरामखुर्चीत रेलून हसणार. हसावं, पण जरा बेतानं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, मग त्याला मोटार असो वा नसो. मोटार वाहन त्याला ओढत असेल, किंवा ओढावं असा नुसता हेतू असेल, तरी पुरे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, त्यामुळे आता हेतूलाही राजाश्रय आहे.

उभ्या गाडीचे पैसे घ्यायलाही आपण काही जर्मनीकडून शिकलेलो नाही. व्यावसायिक गाडीच्या फिटनेसची मुदत संपली की दररोज ५० रुपये जादा लागायचे, गाडी रस्त्यावर असो की मालक आजारी म्हणून चाळीच्या तोंडाशी. २०२४ मध्ये रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले, म्हणजे गाड्या उभ्या करून उतरले, तेव्हा राज्य सरकारने या वसुलीला स्थगिती दिली. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच फिरणाऱ्या ३६ गाड्यांकडूनही रस्त्याचा कर घेतला गेला होता. ज्या गाडीने सार्वजनिक रस्ता वापरलेलाच नाही तिच्याकडून तो घेता येणार नाही, हे सांगायला २९ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. उद्या एखाद्याने खड्डे दाखवून ‘रस्ताच सापडला नाही’ असा बचाव केला, तर हा निकाल त्याच्या कामी यावा.

मोटार वाहन कायद्याचंच १२७ वं कलम सांगतं, की सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ बेवारस उभी असलेली गाडी पोलिसांना उचलून नेता येते. नेतात कुठे? पोलिस ठाण्याच्या आवारात. तिथे ती दहा वर्षं उभी राहते. तिच्या बॉनेटमधून पिंपळ उगवतो, सीटवर मांजरी वितात आणि टायर मातीत विरघळतात. असल्या गाड्या ठाण्यात फार काळ ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं होतं. त्या आदेशालाही आता बहुधा पिंपळ फुटला असावा. या गाड्यांना फिटनेस नाही, पीयूसी नाही. पण सरकारी जागेत उभं राहणं हा आपल्याकडे गुन्हा नसून बहुतेकांचं पूर्णवेळ काम आहे, म्हणून कुणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. गाड्यांची तपासणी करणारी जर्मनीतली ती प्रसिद्ध ‘ट्युफ’ संस्था गाड्यांसाठी जन्मलेलीच नाही. १८६५ मध्ये मानहाइम शहरात बिअरच्या कारखान्यातला वाफेचा बॉयलर फुटला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनी, सरकारची वाट न पाहता, एकमेकांचे बॉयलर तपासणारी संघटना काढली. बॉयलर कुठे जात नाही. तो एका जागी उभा असतो आणि उभ्या उभ्या माणसं मारतो. मोटारी नंतर आल्या. म्हणजे उभ्या वस्तूची तपासणी हा जर्मनांचा वेडेपणा नसून त्यांचा मूळ धंदा आहे. ज्या चाकांना आपण हसतो, ती त्यात मागाहून लागली.

आपण मात्र चाकं बघून तपासतो. चाक नसेल तर वस्तू आपोआप सुरक्षित. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर जे होर्डिंग कोसळलं ते १२० फूट बाय १२० फुटांचं होतं. पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०. सतरा माणसं गेली. नोंदणी नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही; या होर्डिंगची नोंद लिम्का बुकात झाल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. पालिका म्हणाली, जागा रेल्वे पोलिसांची, आमची परवानगी घेतलेलीच नाही. सावित्री नदीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसट्यांसह वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं नंतर सरकारकडूनच कळलं. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, तिथे तर पूल धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता. फलक लावला की आपल्याकडे दुरुस्ती झाली असं धरतात.

दुचाकीचा इंडिकेटर लागत नाही म्हणून सिग्नलला थांबवणारं हे राज्य, आणि त्याच सिग्नलवरचा उड्डाणपूल कोणत्या साली, कुणी, काय ठोकून तपासला हे त्याच्या एकाही खांबावर लिहिलेलं नसतं. स्कूटरच्या पीयूसीचा कागद दाखवा म्हणणाऱ्याच्या डोक्यावर जो पत्र्याचा अभिनेता तेल विकत उभा आहे, त्याचा कागद कुणाकडे आहे हे तो हवालदारही सांगू शकणार नाही.

यावर नवा कायदा, नवी समिती, नवं महामंडळ काही नको. असलेल्या कायद्यातच उत्तर आहे. राज्यातल्या प्रत्येक पुलाला, होर्डिंगला, पाण्याच्या टाकीला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला दोन-दोन चाकं लावावीत. फिरली नाहीत तरी चालतील. ट्रेलरच्या व्याख्येला ओढण्याचा हेतू पुरतो, आणि ओढण्याच्या हेतूची आपल्या सार्वजनिक जीवनात कधीच टंचाई नव्हती. चाकं लागली की वस्तू आरटीओच्या कक्षेत आली. मग तिला नंबर आला, आरसी बुक आलं आणि त्यात मालकाचं नाव आलं. जागा रेल्वेची, लोखंड ठेकेदाराचं आणि वारा देवाचा, हे म्हणायची सोय संपली. स्थगिती उठवली की मुदत टळल्यावर दररोज ५० रुपयांचं मीटर पडायला लागेल, आणि वसुली होणार म्हटल्यावर तपासणीलाही माणूस येईल. पुलाच्या कठड्यावर गोल स्टिकर दिसेल, निळा किंवा पिवळा. एसटीचा चालक लांबूनच महिना वाचून गाडी पुढे घालायची की वळवायची ते ठरवेल. एजंट लोकांची तर दिवाळीच. ‘साहेब, पूल आणायची गरज नाही, नुसता चेसिस नंबर द्या’, असं ते सांगतील, आणि तेवढ्यापुरती योजना फसेल. पण एजंट तरी निदान पुलाखाली उभा राहून फोटो काढून आणील. आजवर कित्येक पुलांना तेवढंही भाग्य लाभलेलं नाही.

एक अडचण मात्र उरते, तीही प्रामाणिकपणे नोंदवलेली बरी. चाकं लावलेला पूल सार्वजनिक जागी १० तासांहून जास्त वेळ उभा राहणार. मग १२७ वं कलम लागू होणार, टोचनवाला येणार आणि पूल उचलून पोलिस ठाण्याच्या आवारात नेऊन ठेवणार. तिथे पिंपळ उगवेल, मांजरी वितील. पण त्यावरून कुणाची एसटी जाणार नाही, आणि सध्याच्या परिस्थितीत एखाद्या पुलाला याहून सुरक्षित जागा आम्हाला तरी सुचत नाही.