घोडा, स्वार आणि गोधडी

इलेक्ट्रिक सुरी घेऊन स्वतःच्याच गाडीची सीट कापायला बसलेला माणूस वेडा असतोच असं नाही, असं माझं त्या शनिवारी सकाळी साडेदहापर्यंत ठाम मत होतं.

सुरी बायकोची. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळाली म्हणून घेतलेली. तिचा जन्म टर्की कापण्यासाठी. आमच्या घरी येऊन तिने आजवर फक्त कोथिंबीर वडीचे उंडे कापले होते. आणि सीट माझ्या मिआटाची. १९९५ची माझ्दा मिआटा. लाल, दोघांपुरती, कापडी टपाची, हेडलाइट लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. आमच्या एडिसनच्या घरासमोर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा शेजारच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, ‘मुलीला घेतलीत वाटतं?’ मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती.

सीटमधला फोम कापण्याला मिआटावाले ‘फोमेक्टमी’ म्हणतात. अपेंडिक्स काढावं तसं. चार बोल्ट सोडवून सीट बाहेर काढायची, कापड धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या पकडीने उचकटायच्या आणि बुडाखालचा फोम इंच-दीड इंच तासायचा. गाडी एवढी बुटकी, की सहा फुटी माणसाचं डोकं टपाला घासतं. फोम गेला की डोकं सुटतं. खर्च शून्य. याहून स्वस्त आणि मस्त सुधारणा या गाडीत नाही, असं मी ज्यांचं ज्यांचं वाचलं ते सगळे जाणकार एकमुखाने सांगत होते.

माझी उंची पाच फूट चार इंच आहे.

हा मुद्दा आधी सुचायला हवा होता, हे कबूल. पण छंदात शिरलेल्या माणसाला गरज लागत नाही, परंपरा पुरते. जाणकारांनी जे केलं ते आपण केलं नाही, तर आपल्याला जाणकार कोण म्हणणार?

सीट परत बसवली, आत बसलो, आणि रस्ता स्टिअरिंगच्या वरून दिसायचा तो आता स्टिअरिंगच्या आतून दिसू लागला, माजघराच्या झरोक्यातून दिसावा तसा. बॉनेट दिसेना. सिग्नलला शेजारी थांबलेल्या बसमधल्या एका पोराने आईला काहीतरी दाखवलं. तिने वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून धीर देणारं हसली. जत्रेत चुकलेल्या पोराकडे बघून हसतात तसं. घरी आलो, आईने शिवलेली गोधडी कपाटातून काढली, चार पदरी घडी घातली आणि बुडाखाली घेतली. उंची पूर्वीपेक्षा अर्धा इंच जास्तच भरली. हिरोशिमाच्या इंजिनिअरांनी विचारपूर्वक ठरवलेली बैठक मी चाळीस मिनिटांत मोडली आणि साताऱ्याच्या गोधडीने भरून काढली.

या गाडीचे कर्ते तोशिहिको हिराई. त्यांचं सूत्र होतं ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली, २०१६ साली दहा लाखावी कारखान्यातून बाहेर पडली; आणि या एवढ्या पसाऱ्यात घोडा आणि स्वार यांच्यामध्ये गोधडी घालणारा स्वार मीच पहिला असणार.

खरं तर माझं घसरणं फार स्वस्तात सुरू झालं. मिआटाच्या डॅशबोर्डवर हवेचे चार गोल झरोके असतात. त्यांना चकचकीत कड्या बसवतात. पस्तीस डॉलर. मागची चिकटपट्टी सोलायची आणि दाबायची. कड्या बसल्यावर गाडी जोरात पळू लागली, असं मला अगदी मनापासून वाटलं. मूळचे हॉर्सपॉवर १२८, प्रत्येक कडीचा एकेक धरला तर १३२. मग पेडलांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चढवल्या. त्या बघायच्या तर बघणाऱ्याला माझ्या पायाशी वाकावं लागतं, आणि तसं आजवर कुणी वाकलेलं नाही.

मग गिअरचा गोळा. मूळच्या गोळ्याचं तसं काही वाईट नव्हतं. पण जड गोळा लावला की गिअर लोण्यासारखा पडतो म्हणतात, म्हणून साठ डॉलर मोजून भरीव स्टीलचा आणला. गिअर लोण्यासारखा पडतो, यात खोटं काही नाही. फक्त जुलैत टप उघडा टाकून ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेलो आणि परत येऊन त्या गोळ्याला हात लावला, तेव्हा तव्यावर हात ठेवल्यासारखा ओरडलो. जानेवारीत तोच गोळा कुल्फीचा साचा होतो. शेवटी मुलीचा एक जुना मोजा त्याच्यावर चढवला.

‘बाबा, तू आधी चकचकीत वस्तू आणतोस आणि मग ती झाकतोस,’ मुलगी म्हणाली.

तिला काय सांगणार? रक्तातच आहे. आपण खोळींची माणसं. उशीला अभ्रा, अभ्र्यावर टॉवेल. गादीला खोळ, खोळीवर चादर, चादरीवर पाहुण्यांपुरता पलंगपोस. फ्रिजच्या हँडलला झबलं, मिक्सरला परकर, टीव्हीला नाटकासारखा दोन्हीकडे सरकणारा पडदा. रिमोट प्लास्टिकमध्ये, पासबुक प्लास्टिकमध्ये, आणि ते प्लास्टिक फाटू नये म्हणून कापडी पिशवीत. आमच्याकडे तर छत्रीची जी मूळची खोळ होती, ती खराब होऊ नये म्हणून वेगळी ठेवलेली होती. छत्री भिजायची, खोळ कोरडी.

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे आमच्या अण्णांची चेतक. (तीही घोड्याच्याच नावाची, राणा प्रतापांच्या.) नंबर लावल्यापासून सात वर्षांनी हातात आली. आली त्याच संध्याकाळी मूळच्या सीटवर रेक्झिनचं कव्हर चढलं. रेक्झिन तापू नये म्हणून त्यावर टर्किश टॉवेलचं, आणि पावसाळ्यात त्यावर दुधाच्या पिशव्या उसवून जोडलेलं प्लास्टिक. हँडलच्या मुठींना लोकरीचे मोजे. स्टेपनीला खोळ. एकोणीस वर्षांनी स्कूटर विकली तेव्हा घेणाऱ्याने आमच्या दारातच एकेक पदर सोलायला घेतला. टॉवेल निघाला, रेक्झिन निघालं, आणि खालून काळी कुळकुळीत, कोरी करकरीत सीट वर आली. अण्णा बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, ‘छान होती की रे.’

एकोणीस वर्षं आम्ही तिच्यावर बसलो, आणि पाहिली ती विकताना.

हा किस्सा मी मित्रांमध्ये कितीदा तरी रंगवून सांगितलाय. हल्ली सांगवत नाही. सात वर्षं वाट पाहून मिळालेली वस्तू कशी वापरावी, हे लहर आली म्हणून दुसरी गाडी घेणाऱ्याने शिकवू नये.

तर स्टिअरिंग. लाकडी नार्डी स्टिअरिंग बसवायचं माझं स्वप्न होतं. पण त्यासाठी मूळचं काढलं की त्यातली एअरबॅगही जाते. बायको म्हणाली, ‘खुशाल लाकूड बसव. आधी इन्शुरन्स वाढव.’ तेव्हा तडजोड म्हणून शिवायचं कातडी कव्हर आणलं. बावीस डॉलर; सोबत दोन सुया आणि मेण लावलेला दोरा. पट्टी चाकाभोवती गुंडाळायची आणि आतल्या कडेने, बुटाच्या नाड्या ओवाव्यात तसं शिवत जायचं. खोक्यावर लिहिलं होतं, एक तास. अडीच तासांनी मी घड्याळातल्या तीनच्या जागी पोचलो, तेव्हा शिवण वाकडी होऊन पुढच्या बाजूला आली होती आणि चाकाला गालगुंड झालं होतं.

अण्णा तेव्हा आमच्याकडे आले होते. वय ७९. तीन आठवड्यांत मी त्यांना नायगारा, वॉशिंग्टन, दोन देवळं आणि एक मॉल दाखवला होता. दाखवायचं संपल्यावर काय बोलायचं, ते दोघांनाही सुचत नव्हतं. ते गॅरेजच्या दाराशी येऊन उभे राहिले, चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘उसव.’

‘अण्णा, अडीच तास घालवलेत मी.’

‘उसव आधी.’

तेहतीस वर्षं कचेरीत त्यांनी दाभणाने फायली शिवल्या होत्या. त्यांना गाडीत बसवणं हे एक प्रकरणच झालं. आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय हाताने उचलून आत. बसल्यावर त्यांनी खाली हात घालून गोधडी चाचपली. ‘हिची आहे,’ म्हणाले. आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

सुईत दोरा ओवायला त्यांचा चष्मा पुरेना, माझाही पुरेना. मुलीला हाक मारली. तिने कानातलं न काढता दोन्ही सुया ओवून दिल्या, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मान हलवत आत गेली.

मी कातडं दाबून धरायचं, त्यांनी टाका घालायचा. मी घाईने दोरा खेचला की हातावर चापट. ‘दोरा ओढायचा नसतो. बसवायचा असतो.’ दर चार टाक्यांनी ते अंगठ्याच्या नखाने शिवण दाबून बघत. पन्नास वर्षांनी कुणी फाईल उघडली तरी पान निसटता कामा नये, या हिशोबाने. दोन संध्याकाळी लागल्या. बोलणं म्हणाल तर ‘धर’, ‘सोड’, ‘जरा वर’, एवढंच. पण तीन आठवड्यांत आमच्या एवढ्या गप्पा झाल्या नव्हत्या.

शेवटची गाठ मारून अण्णांनी चाकावरून हात फिरवला, वाकून कातड्याचा वास घेतला आणि म्हणाले, ‘झकास. आता याला एक खोळ शिवून घे.’

घेतली नाही. उघडंच ठेवलंय.

अण्णा आता साताऱ्याला. दर रविवारी फोन असतो. पहिला प्रश्न ठरलेला, ‘टाका सैल पडला का रे?’ झरोक्यांच्या दोन कड्या गळाल्या, पेडलची एक पट्टी निघाली, गोळ्याच्या मोज्याला भोक पडलं. अण्णांची शिवण केसभर हललेली नाही. पण मी म्हणतो, ‘थोडा वाटतोय, अण्णा. तीनच्या जागी.’

पलीकडे समाधानाने घसा खाकरल्याचा आवाज येतो.

‘तू हात लावू नकोस. आलो की बघतो.’