नावे पडले

(रंगमंचावर लाकडी बाकडं. धोतर-टोपीतला म्हातारा येतो. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. बाकड्यावरची धूळ टोपीनं झटकून बसतो.)

म्या गेवराईचा. बीडकडून संभाजीनगरला जाताना लागतं ना, तेच. तुम्ही झोपेत आसाल तवा.

काल बँकेत गेलतो. नवा साहेब, तोंडात समदी इंग्रजी. कंप्युटरात बघून म्हन्ला, "बाबा, तुमचं अकाउंट आउटस्टँडिंग आहे." म्या टोपी नीट केली. नातीच्या प्रगतिपुस्तकावर बाई हेच लिवत्यात, तवा आम्ही पेढे वाटतो! रांगेकडं वळून वरडलो, "ऐका रे, मपलं खातं आउटस्टँडिंग हाय!" मागचा म्हन्ला, "तात्या, मपलं बी हाय." त्याच्या मागचा म्हन्ला, "मपलं तर २०१८च्या दुष्काळापासून." म्हन्लं, काय तालुका हाय! समदे पैल्या नंबरात!

(थांबून) घरी नात म्हन्ली, "आबा, बँकेत आउटस्टँडिंग म्हंजी थकबाकी."

मंग तिनं मला शिकवायलाच घेतलं. क्रेडिट म्हंजी जमा, डेबिट म्हंजी नावे. आता हे 'नावे' आमच्या आज्यालाच उमजलं नव्हतं. निजामाचं राज, हाली रुपया. दुकानदार वही वाचायचा, "पन्नास तुमच्या नावे!" आजा पळत घरी. "ऐकलं का, शेटनं पन्नास रुपये आपल्या नावावर केले!"

म्या तसा न्हाई. म्या इचारतो. म्हन्लं, पीएम किसानचे दोन हजार? "क्रेडिट. परत द्यायचे न्हाईत." ते १९९८ला निघालेलं किसान क्रेडिट कार्ड? "ते बी क्रेडिट. पण परत द्यायचेत." अन् पतसंस्थेच्या पाटीवर लिवलंय, क्रेडिट सोसायटी? "तिथं आपुन ठेवायचे, अन् आपुनच परत मागत फिरायचं." (प्रेक्षकांत बोट दाखवून) बीडवाले हसंना गेले बगा.

बरं, दोन हजार आले. काढायला गेलो, तर साहेब म्हन्ला, "थकबाकीमुळे होल्ड लागलाय." म्हन्लं, पैसे कुणाचे? "तुमचेच." मंग द्या. "देता येत नाहीत." म्हंजी बैल मपला, दावं तुपलं!

तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीत बातमी. सरकारनं २०२३ साली संसदेत सांगितलेलं हाय, नऊ वर्सांत बँकांनी साडेचौदा लाख कोटींचं कर्ज राइट ऑफ केलं. म्या काउंटरवर वाकलो. "साहेब, त्यातच मपले दीड लाख सरकवा. कुणाला कळतंय!" साहेब म्हन्ला, "बाबा, राइट ऑफ म्हणजे माफी नाही. बँक आपल्या ताळेबंदातून काढते, वसुली चालूच राहते. माफी म्हणजे वेव्हर." मंग वेव्हर द्या. "ते सरकार देतं."

सरकार देतं, खरंय. २०१७ला दिली, दीड लाखापर्यंत, तिचं नाव कर्जमाफी. अर्ज ऑनलाइन, म्हातारीला घिऊन रांगेत हुबा राहिलो, लग्नात बी इतकं जोडीनं हुबं न्हाई राहिलो. २०१९ला दोन लाखांपर्यंत, तिचं नाव कर्जमुक्ती. माफी मागायची चूक केल्यावर, मुक्ती मिळायची मेल्यावर. मधी जित्या मानसाला काय?

नवं-जुनं!

हे साहेबाला कळंना. त्यो म्हणतो रिन्युअल. ऐका. वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज शून्य. मार्चअखेर आली की सावकाराकडून आणायचे, बँकेत भरायचे, आठ दिसांनी नवं कर्ज निघालं की सावकाराच्या दारात नेऊन टाकायचे. बँकेची वसुली शंभर टक्के, मपलं व्याज शून्य टक्का, अन् सावकाराचं शेकडा पाच. शून्य टक्क्यासाठी पाच टक्के! हे गणित नातीला सांगितलं, तर पोरगी पुस्तकच मिटून बसली.

(खिशात फोन वाजतो. चष्मा लावून, अक्षर-अक्षर जोडत वाचतो.)

"युवर... अकाउंट... डे... बि... टेड..." नावे पडले! कितीचे? अठरा रुपये. (पुन्हा वाचतो.) "एसेमेस... चार्जेस."

(प्रेक्षकांकडं बघत) मेसेज पाठवल्याचे पैसे कापले, त्याचा मेसेज हाय.

(अंधार)